भाक, भाकीत आणि गिळलेला शब्द

तीस वर्षांपूर्वी इंटरनेटच्या भवितव्याविषयी कोण काय म्हणाले होते, ते जमवून वाचण्यात मोठी मौज आहे. मात्र मराठीत त्याविषयी लिहायला बसले की पहिल्याच वाक्यात अडायला होते. ही मंडळी जे करत होती त्याला म्हणायचे काय? शब्दांना तोटा नाही. भाकीत, अंदाज, कयास, होरा, अटकळ, तर्क, अदमास. वर्तमानपत्रे यांतला जो हाताशी येईल तो वापरतात आणि वाचकही कुरकुर करत नाही. एकेकाळी मात्र यांतला प्रत्येक शब्द वेगळे काम करत असावा, आणि कोणी काय पणाला लावून बोलतो आहे हे त्या शब्दावरून कळत असावे.

‘भाकीत’पासून निघू. भाकीत म्हणजे भाकलेले, धातू ‘भाकणे’. तो आज एकटा फारसा भेटत नाही, ‘करुणा भाकणे’ या जोडीत तेवढा उरला आहे. मुळाशी संस्कृत ‘भाष्’ असावा, यावर फारसे भांडण होऊ नये. अडते ते ‘क’पाशी. महाराष्ट्री प्राकृतात ‘ष’चा ‘स’ होतो. भाषा तिथे ‘भासा’ होते, आणि कोकणीने ती ‘भास’ म्हणून अजून जपली आहे. मग मराठीत हा ‘क’ आला कुठून? उत्तरेकडे ‘ष’ला ‘ख’ वाचायची जुनी खोड आहे. भाषेची भाखा आणि वर्षेची बरखा तिकडचीच. ती ‘भाखा’ दक्षिणेत उतरली असावी, आणि भिक्खेची भीक, भुक्खेची भूक ज्या न्यायाने झाली त्याच न्यायाने तिची ‘भाक’ झाली असावी. जुन्या मराठीत त्याच अर्थाने ‘भाष’ही येतो, म्हणजे घरचे आणि बाहेरचे अशी दोन्ही रूपे काही काळ शेजारी नांदली असे दिसते.

रूपापेक्षा अर्थ अधिक गमतीचा आहे. भाक म्हणजे वचन. भाक देणे, भाकेला जागणे. भाषेचे वचन कसे झाले, हे कोडे सोडवायला मराठवाड्याइतकी सोयीची जागा नाही, कारण हा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू या चारही भाषा एकाच राज्यात कारभार पाहत, बाजार करत होत्या. त्या शेजारणींना विचारावे. कानडीत ‘भाषे’ म्हणजे भाषा, आणि ‘भाषे’ म्हणजे वचनही. तेलुगूत ‘बास’ म्हणजे वचन. उर्दूने संस्कृतशी काही देणेघेणे न ठेवता तीच वाट धरली: ज़बान म्हणजे जीभ, ज़बान म्हणजे भाषा, आणि ‘ज़बान देना’ म्हणजे वचन देणे. कोकणीत ‘भासावणी’ हे वचनच. मराठीत तर ही खोड सर्वत्र दिसते. ‘शब्द’ देतात, ‘वचन’ देतात, आणि ‘या बोलीवर’ सौदा ठरतो. बोलणे आणि बांधून घेणे यांत आपल्या लोकांनी फारसा फरक केला नाही.

आता वचनाचे भविष्य कसे झाले? वचन देणारा पुढच्याच गोष्टीविषयी बोलत असतो. ‘उद्या देईन’ हे वचन आहे आणि उद्या काय होणार याची वर्दीही आहे. फक्त ती गोष्ट घडवणे बोलणाऱ्याच्या हाती असते. हेच वाक्य देवाच्या तोंडी गेले की हाती काय असते आणि काय नसते हा प्रश्नच मिटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत पाऊस, पीक, दरदाम आणि राजकारण यांविषयी जे बोलले जाते त्याला ‘भाकणूक’ म्हणतात. बोलणारा माणूस असला तरी शब्द देवाचा, म्हणून ते वचनही आणि भविष्यही. कर्नाटकात मैलारला उंच धनुष्यावर चढून गोरवय्या एकच त्रोटक वाक्य उच्चारतो. त्याला ‘कारणिक’ म्हणतात, आणि पुढे वर्षभर लोक त्या वाक्याचा अर्थ लावत बसतात. बुलढाण्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, आणि मांडलेल्या धान्यात रात्रीतून काय बदल झाला त्यावरून दुसऱ्या दिवशी पहाटे पीकपाण्याचे सांगतात. तिथे देव बोलत नाही, खुणा वाचायच्या असतात. म्हणून त्याला कोणी भाकणूक म्हणत नसावे.

या कसोटीवर इंटरनेटच्या भविष्यवेत्त्यांत खरी ‘भाक’ एकाच गृहस्थाने दिली असे मला वाटते. रॉबर्ट मेटकाफ. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटचा हा जनक. डिसेंबर १९९५मध्ये ‘इन्फोवर्ल्ड’ या साप्ताहिकातल्या आपल्या स्तंभात त्याने लिहिले की वाढत्या भाराखाली १९९६मध्ये इंटरनेट कोसळणार. वर हेही कबूल केले की तसे झाले नाही तर मी माझे शब्द खाईन. १९९६ सरले, इंटरनेट उभे होते. एप्रिल १९९७मध्ये जागतिक वेब परिषदेत व्यासपीठावर या माणसाने तो छापील स्तंभ मिक्सरमध्ये पाण्याबिण्यात घातला, फिरवला आणि सर्वांसमोर पोटात घातला. भाकीत फसले, भाक पाळली गेली. मराठीत आपण शब्द ‘गिळतो’ तेव्हा तो मुळात बाहेर पडलेलाच नसतो. इंग्रजीत खातात तो बाहेर पडलेला शब्द. मेटकाफने जे केले त्याला मराठीत चपखल वाक्प्रचार नाही, आणि त्याला कारण बहुधा असे की तसे करायची वेळ आपल्याकडे कोणी स्वतःवर येऊ देत नाही.

‘अंदाज’ची जात निराळी. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे, टाकणे. त्याचे वर्तमानाचे अंग ‘अंदाज़’. तिरंदाज तीर फेकतो, बरकंदाज विजा फेकतो, म्हणजे बंदूक चालवतो. तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज. पेशवाईत तो तोफखान्यावर होता, आज क्रिकेटच्या मैदानावर आहे. नुसता चेंडू हातात आला एवढाच फरक. तेव्हा अंदाज म्हणजे मुळात एक फेक. नजर टाकावी आणि वजन, लांबी, खर्च ठरवावा, या मार्गाने तो मोजमापाकडे वळला असावा. उर्दूत याची दोन रूपे झाली. ‘अंदाज़ा’ म्हणजे अदमास आणि ‘अंदाज़’ म्हणजे ढब, शैली, फेकण्याची लकब. मराठीने ‘अंदाज़ा’चा शेवटचा आकार टाकून दिला आणि अर्थ मात्र त्याचा ठेवला. त्यामुळे शायर सिराज औरंगाबादीच्या या संभाजीनगरात एकाच गल्लीतली दोन घरे ‘अंदाज’ म्हणतात तेव्हा एकाला गझलेची ढब दिसते आणि दुसऱ्याला भाताचे पाणी. सरकारी मराठीने तर याला पार पोशाखी करून टाकले: अंदाजपत्रक, आणि विधिमंडळाची अंदाज समिती. फेकाफेकीच्या धातूला इतकी प्रतिष्ठा क्वचित लाभली असेल.

फेकणारा नेम चुकल्याबद्दल शब्द खात नाही, दुसरा दगड उचलतो. फेब्रुवारी १९९५मध्ये क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने ‘न्यूजवीक’मध्ये लिहिले की इंटरनेटवरून खरेदी, इंटरनेटवरून वर्तमानपत्र हे सगळे थोतांड आहे, छापील पत्राची जागा संगणकावरचा साठा घेऊ शकणार नाही. स्टोल अडाणी नव्हता. संगणकात शिरलेल्या घुसखोराचा माग काढणारा तो जाणता माणूस. समोर जे दिसत होते, म्हणजे संथ तारा, अव्यवस्था, बिनभरवशाचा मजकूर, ते त्याने अचूक पाहिले आणि तेवढ्यावरून पुढे फेक केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. फोनच्या तारेवरून, कर्कश शिट्ट्या ऐकत. ती जोडणी पाहिलेल्या कोणालाही स्टोलचा अंदाज पटला असता. पुढचा मजकूर पडद्यावर उतरेपर्यंत वर्तमानपत्र वाचून होत असे.

जाता जाता ‘वर्तमानपत्र’. आपण भाकीत ‘वर्तवतो’. धातू वृत्, म्हणजे असणे, चालू असणे. त्याचेच वर्तमान, त्याचीच वार्ता. पुढे होणारे सांगायला मराठीने ‘आत्ता चालू असण्या’चा धातू का वापरला असावा? ‘घडवून दाखवणे’ अशा प्रयोजक अर्थाने असेल. पण भविष्य सांगणारे बहुतेक जण आत्ताचेच सांगत असतात, हे भाषेच्या ध्यानात आले असावे असा संशय घ्यायलाही जागा आहे.

‘कयास’ अरबीतून फारसीमार्गे आला. क़ियास म्हणजे मोजणे, एका गोष्टीला दुसरीच्या मापाने मापणे. इस्लामी धर्मशास्त्रात तो कायद्याचा एक आधारच आहे: ज्या प्रश्नावर कुराण आणि हदीस थेट बोलत नाहीत तिथे जवळच्या ज्ञात प्रश्नाशी साम्य पाहून निर्णय करायचा. मराठीत येताना ‘साम्य’ गळून पडले आणि नुसते ‘अनुमान’ उरले. ते साम्य शब्दात परत घालून पाहावे असे उदाहरण पॉल क्रुगमन यांचे आहे. १९९८मध्ये या अर्थतज्ज्ञाने लिहिले की २००५च्या आसपास कळून येईल, अर्थव्यवस्थेवर इंटरनेटचा परिणाम फॅक्स यंत्रापेक्षा मोठा झालेला नाही. हा शुद्ध क़ियास. नवी वस्तू, तिच्या जवळची जुनी वस्तू, आणि जुनीच्या मापाने नवी. पद्धतीत खोट नव्हती, माप चुकले. त्यांना २००८मध्ये नोबेल मिळाले, पण या वाक्याने त्यांचा पाठलाग सोडला नाही.

‘सुमार’ही याच घरातला. फारसी ‘शुमार’ म्हणजे मोजणी, गणती. ‘बेसुमार’मध्ये तो अर्थ शाबूत आहे. ‘सुमारे’मध्ये गणती सैल झाली, आणि ‘सुमार’ विशेषणात ती इतकी सैल झाली की माणूसच सामान्य ठरला. सुमार दर्जाचा कवी म्हणजे गणतीत धरायचा की नाही असा.

‘होरा’ मात्र लांबचा प्रवासी. ग्रीक ‘होरा’ म्हणजे प्रहर, काळाचा तुकडा. इंग्रजीतला तास तिथूनच निघाला, आणि आपला फलज्योतिषातला होराही. वराहमिहिराला हे परकेपण खटकले असावे. ‘अहोरात्र’ या शब्दाचे पहिले आणि शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ उरतो, अशी एक व्युत्पत्ती त्याने बृहज्जातकात नोंदवली आहे. ती कल्पक आहे, आणि कल्पक व्युत्पत्तीकडे जरा तिरक्या नजरेनेच पाहावे. त्याच होऱ्यांच्या हिशेबातून वारांचा क्रम आला. रवीच्या पहिल्या होऱ्यापासून मोजत गेले की पंचविसावा चंद्राचा येतो, म्हणून रविवारामागे सोमवार.

होऱ्याला या परिसरात राजाश्रय होता. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की पाटण लागते. तिथला तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणीसारख्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ उभा केला होता. त्या मठाला दिलेल्या उत्पन्नाचा तपशील जुन्या मराठीत आहे. गणित संस्कृतात, पैशाचे मराठीत, ही वाटणी तेव्हापासूनची दिसते.

गणिताविना बांधलेला, तरी बसलेला होरा म्हणून निकोला टेस्लाचे नाव घ्यावे लागेल. १९२६मध्ये ‘कॉलियर्स’ला दिलेल्या मुलाखतीत तो म्हणाला की बिनतारी यंत्रणा पूर्ण झाली की सारी पृथ्वी एक मेंदू होईल, हजारो मैलांवरची माणसे एकमेकांना पाहतील आणि ऐकतील, आणि त्याचे यंत्र बंडीच्या खिशात मावेल. खिशापर्यंत बरोबर! (खिसा म्हणजे अरबी-फारसी ‘कीसा’, थैली. पूर्वी ती कमरेला लटकायची, कपड्याला शिवली गेली ती नंतर.) त्या खिशातल्या वस्तूला आपल्या शब्द घडवणाऱ्यांनी ‘भ्रमणध्वनी’ म्हटले. तोही एक होराच होता, की ही वस्तू ध्वनीसाठी आहे. आज तिच्यावर बोलणे हे सगळ्यांत कमी होणारे काम असावे. लोकांनी तो शब्द निमंत्रणपत्रिकांपुरता ठेवला आणि मोबाईल म्हटले.

सगळ्यांत उलटे पडलेले भाकीत या जिल्ह्यातून पाहायला हवे. जून १९७५मध्ये ‘बिझनेस वीक’ने उद्याच्या कचेरीचे चित्र रंगवले आणि कागदाचा वापर ओसरत जाणार असे म्हटले. ‘कागदविरहित कार्यालय’ ही घोषणा तेव्हापासून फिरते आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. हातकागदाचे गाव. महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा कागद करणारे कारागीर सोबत आले आणि इथे वसले, असे परंपरा सांगते. चिंध्यांचा लगदा, पाण्याचा हौद, गाळणीची चौकट आणि वाळत घातलेले ताव. शतकानुशतके दक्षिणेची दफ्तरे अशाच कागदावर लिहिली गेली.

आता गावाचे नाव पाहा: कागजीपुरा. आणि आपण म्हणतो ‘कागद’. फारसीत ‘काग़ज़’ आणि ‘काग़द’ ही दोन्ही रूपे आढळतात, आणि ‘द’चे रूप जुने असावे. उत्तरेकडे हिंदी-उर्दूत ‘ज़’ रुळला. मराठीत कागद, कानडीत कागद, तमिळमध्ये कागिदम्, म्हणजे दक्षिणेने जुनाट ‘द’ धरून ठेवला. गुजरातीत तर कागळ झाला. दिल्लीहून आलेल्या कारागिरांनी गावाच्या नावात ‘ज’ आणला आणि गावाबाहेरच्या मराठी लोकांनी त्यांचाच माल ‘द’ने विकत घेतला, असे म्हणावेसे वाटते. त्याच्याही मागे गेले तर वाट मध्य आशियातल्या सोगदी व्यापाऱ्यांपर्यंत जाते, आणि त्यापलीकडे चीन असावा. वस्तू तिथली, तेव्हा नावही तिथलेच असण्याचा संभव मोठा.

कागदविरहित भविष्याचे काय झाले हे पाहायला कोणत्याही तहसीलसमोरच्या गल्लीत उभे राहावे. ‘महा ई-सेवा केंद्र’ आणि त्याला चिकटून ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, फोटो’. एका दाखल्यासाठी आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स. मग ती सगळी स्कॅन करून वर चढवायची, अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची पावती छापायची, आणि ती घेऊन खिडकीशी जायचे. ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकून परत यायचे, तेही कागदांची पिशवी घेऊनच. मराठीत ‘कागदपत्रे’ हा शब्द बहुवचनातच वावरतो, आणि संगणकाने ते बहुवचन मोडलेले नाही.

आता खुद्द इंटरनेटसाठी आपण घडवलेल्या शब्दांकडे. नवा शब्द घडवणारा माणूसही भविष्यच सांगत असतो: ही वस्तू अमुक कामाची आहे आणि तशीच राहील. ‘माहितीचा महामार्ग’ हा १९९०च्या दशकातला लाडका शब्द आज मागमूस न ठेवता गेला. ‘आंतरजाल’ टिकून आहे, निदान लेखांत. लॅटिन ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ ही सख्खी भावंडे, त्यामुळे या शब्दाचा पहिला अर्धा भाग भाषांतर आहे की नातेवाइकाची ओळख, हे ठरवणे कठीण. उरलेले ‘जाल’ मात्र संस्कृतात नेहमीच साधे नव्हते: इंद्रजाल, मायाजाल. इंग्रजी नावात जाळे फक्त जोडते, मराठी नावात ते फसवतेही. घडवणाऱ्याच्या मनात हे होते की नाही कोण जाणे. आणि ‘अंतर’ म्हणजे दूरपणाही. १९९७मध्ये फ्रान्सिस केअर्नक्रॉस यांच्या पुस्तकाने ‘अंतराचा मृत्यू’ जाहीर केला: दळणवळण स्वस्त झाले की कोण कुठे बसून काम करतो याला महत्त्व उरणार नाही. संभाजीनगरहून पुण्याला जाणाऱ्या रविवारच्या रात्रीच्या गाड्या हिंजवडीला कामावर जाणाऱ्या पोरांनी अजून भरलेल्या असतात. आई त्यांना रोज व्हिडिओवर पाहते, हेही खरे. मराठीत अंतर ‘असते’, ‘पडते’ आणि ‘देतात’ही. यांपैकी कोणते मेले, हे त्या आईला विचारावे लागेल.

या सगळ्यांत मला सर्वांत प्रिय आहे ‘संकेतस्थळ’. सम् + कित्, म्हणजे दोघांनी मिळून जाणणे. शास्त्रकारांच्या परिभाषेत संकेत म्हणजे शब्द आणि अर्थ यांतला ठराव: ‘घट’ म्हटले की घडाच समजायचा, हा संकेत. तो नसेल तर भाषाच नाही. काव्यात मात्र संकेत म्हणजे प्रियकर-प्रेयसीने ठरवलेली भेट, आणि संकेतस्थान म्हणजे ती भेटीची जागा. वेळूचे बेट, पडके देऊळ, नदीकाठची झाडी. या जागांची मूळ वही पैठणची आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली महाराष्ट्री प्राकृतातली गाथासप्तशती गोदाकाठच्या अशा भेटींनी भरलेली आहे. तिथे हा शब्द ‘संकेअ’ होऊन येतो. शेतातले पीक कापले गेले की एखादी खट्टू होते, कारण आडोसा गेला. वेबसाइटला हे नाव देणाऱ्याने ‘सांकेतिक पत्त्याची जागा’ एवढाच रुक्ष विचार केला असावा. तरी शब्दाने आपले जुने चारित्र्य सोडले नाही. तिथे लोक टोपणनावाने येतात, ठरवून भेटतात आणि घरच्यांना कळू देत नाहीत.

पत्त्याविषयीचेही एक भाकीत होते. रोमन लिपीतला पत्ता हीच देशी भाषांच्या वाटेतली मोठी धोंड आहे, ती दूर करा, मग पाहा. ऑगस्ट २०१४मध्ये देवनागरी ‘.भारत’ आले, मराठी आणि कोकणीलाही खुले. पण तोवर लोकांनी पत्ता टंकणेच सोडून दिले होते. शोधखिडकीत दोन शब्द बोलावे, नाहीतर कोणी पाठवलेल्या दुव्यावर बोट ठेवावे. धोंड दूर झाली तेव्हा रस्ताच दुसरीकडून गेला होता.

पासवर्डसाठी मराठीत ‘परवलीचा शब्द’ आहे. किल्ल्यावर, छावणीत पहारेकऱ्याला सांगायचा तो. ‘परवल’ कुठला? मला तो फिरंग्यांकडून आलेला ‘पॅरोल’ असावा असे दिसते. फ्रेंचांच्या पलटणींशी मराठी फौजांचा संबंध पुरेसा होता. आता हा ‘पॅरोल’ मुळात म्हणजे शब्द, दिलेला शब्द. कैदी पॅरोलवर सुटतो तो ‘परत येईन’ या भाकेवर. ही व्युत्पत्ती बरोबर असेल तर ‘परवलीचा शब्द’ म्हणजे ‘शब्दाचा शब्द’, ‘पिवळा पीतांबर’च्या जातीचा. फेब्रुवारी २००४मध्ये बिल गेट्स यांनी सुरक्षातज्ज्ञांच्या परिषदेत सांगितले की पासवर्डचे दिवस भरत आले. त्याआधी महिनाभर दावोसला ते म्हणाले होते की नको असलेल्या मेलचा उपद्रव दोन वर्षांत मिटेल. तो मिटलेला नाही. आणि पासवर्ड राहिलाच, वर त्याला ‘ओटीपी’ नावाचा धाकटा भाऊ झाला. ‘काका, ओटीपी आला का?’ हे वाक्य रेशन दुकानापासून बँकेपर्यंत इतके ऐकू येते की परवल मोठ्याने सांगायची नसते, हेच विसरले जाते.

‘बंद’ इथलाही आणि तिथलाही. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बन्ध्’ एकाच मुळाचे, त्यामुळे नाकेबंदीतला बंद आणि बंधनातला बंध यांची फारकत करत बसू नये. १९९३च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जॉन गिलमोर यांचे एक वचन गाजले: इंटरनेट बंदीला बिघाड समजते आणि वळसा घालून पुढे जाते. ते भाकीत तारांच्या रचनेवरून केलेले होते, आणि तारांपुरते बरोबरही होते. फेब्रुवारी २०२४मध्ये आरक्षण आंदोलनाच्या तणावात जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट सेवा थांबवण्यात आली, तेव्हा वळसा घालायला खिशातल्या यंत्राकडे दुसरी वाट नव्हती. गिलमोर यांनी जाळे पाहिले, जाळ्याची दोरी कोणाच्या हाती असते तिकडे पाहिले नाही.

या साऱ्यातून घडवलेले शब्द एकीकडे राहिले आणि बोलणाऱ्यांनी ‘नेट’ उचलला. इथे मराठीची आयती सोय झाली, कारण ‘नेट’ आपल्याकडे आधीच होता. नेट लावणे, नेटाने काम करणे, नेटका संसार. जोर, रेटा, आणि त्यातून येणारा नीटसपणा. कानडीत ‘नेट्टगे’ म्हणजे सरळ, नीट. आपला शब्द त्या बाजूचा असावा. संतांच्या रचनांतही ‘नेटके’ भेटते, तेव्हा तो काल-परवाचा नाही. आज ‘जरा नेट लाव’ असे कोणी म्हणाले तर अंगात जोर आणायचा की मोबाईलचा डेटा चालू करायचा, हे वयावरून ठरते.

त्या नेटपासून वर्तमानपत्रांनी ‘नेटकरी’ घडवला, आणि तिथे मला मराठीचे कौतुक वाटते. १९९०च्या दशकाच्या आरंभी मायकेल हाउबेन या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने ‘नेटिझन’ हा शब्द रूढ केला. त्यात मोठे भाकीत होते: इंटरनेट हे एक नवे नगर होणार आणि तिथले रहिवासी जबाबदार नागरिक असणार. मराठीने ‘नागरिक’ घेतला नाही. तिने ‘-करी’ हा आपला शेतातला प्रत्यय लावला. शेतकरी, गावकरी, वारकरी, कष्टकरी. नागरिकाला हक्क असतात, ‘-करी’ला काम असते. पण हा प्रत्यय चारित्र्याची हमी देत नाही, मारेकरीही त्यानेच होतो. म्हणूनच ‘नेटकऱ्यांनी झोडपले’ आणि ‘नेटकऱ्यांनी डोक्यावर घेतले’ ही दोन्ही शीर्षके एकाच दिवशी, एकाच पानावर, बऱ्याचदा एकाच माणसाविषयी छापून येतात, आणि शब्द कुठेही अडखळत नाही.